परसांतली बेगमी

घरांत धान्याची बेगमी करणें हें कर्त्या पुरुषाचें काम, आणि रोज ताटांत भाजी काय वाढावी ही चिंता गृहिणीची, अशी आमच्या एकत्र कुटुंबांत जुनी वांटणी आहे. पहिल्याचा हिशेब वहींत लिहिला जातो. दुसऱ्याचा कोणी विचारीतही नाहीं.

१९७२ च्या दुष्काळांत मी विद्यार्थी होतों. शिधावाटपाच्या दुकानांत परदेशचा तांबडा मिलो मिळे. त्यानें पोट भरे. परंतु ताटांत हिरवें असें कांहीं पडे, तें मोरीच्या सांडपाण्यावर जगलेलें अळूं आणि कुंपणाकडेचा शेवगा यांच्या कृपेनें. देवीमाहात्म्यांत अवर्षणकाळीं लोकांचें पोषण करणाऱ्या देवीस शाकंभरी म्हटलें आहे, म्हणजे शाकभाजीनें भरण करणारी. त्या नांवाचा अर्थ मला शाळेंत नव्हे, परसांत कळला.

परसामुळें धान्य विकत घेणें टळेल, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु धान्य वर्षभर साठवितां येतें, हिरवा पाला साठवितां येत नाहीं. आणि भाव चढले कीं संसारांत पहिली काटकसर भाजींतच होते. म्हणून पाल्याचें कोठार जमिनींतच असावें लागतें.

त्यास फार सायास नकोत. शेवग्याची (संस्कृतांतील शिग्रु तो हाच) जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोविली तरी रुजते. शेंगा आपण खातों, पण ‘अ’ जीवनसत्त्वाचा खरा सांठा त्याच्या पाल्यांत. फोडणीच्या तेलानें तें अंगीं अधिक लागतें. मेथी महिन्याभरांत खुडावयास येते. अळवास सांडपाणी पुरतें. मात्र खाजरेपणासाठीं चिंच विसरूं नये. घेवड्याचा वेल तर जमिनीस उलट नत्र देतो.

सध्यां आमच्या घरीं मोटारीसाठीं परसांत फरशी घालण्याचा विचार चालला आहे. चिरंजीवांची अडचण खरी आहे. गाडी रस्त्यावर किती दिवस ठेवावयाची? परंतु २०२० सालीं संचारबंदींत भाजीबाजार अडला, तेव्हां याच परसानें आमची वेळ भागविली, हें थोरल्या सूनबाईंनीं त्यांना सांगितलें. मी मोरीपासून कुंपणापर्यंत दोन हात रुंदीची पट्टी मागितली आहे. मोटारीस उरलेली जागा पुष्कळ आहे. फरशी एकदां बसली, कीं मग ती कोणी उखडीत नाहीं; यास्तव ज्यांच्या घरीं असाच विचार चालला असेल, त्यांनीं गवंड्यास बोलाविण्यापूर्वीं गृहिणीस एकवार विचारावें.