थांबण्याचें ज्ञान

पाठांतरानें बुद्धि वाढते, असें आम्हीं नांदेडच्या शाळेंत मुलांस जन्मभर सांगितलें. १९९५ सालीं एका यंत्रानें आमचा हा गर्व उतरविला.

शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनीं १९७८ सालीं दूरध्वनीवरून वाचतां येणारा पहिला संगणकीय सूचनाफलक उभारला. अशा फलकाच्या तारेवर बहुधा एका वेळीं एकच पाहुणा मावे; इतरांनीं पुन्हां पुन्हां क्रमांक फिरवीत बसावें. लातुरास आमच्या पुतण्यानें यावर तोड काढली. त्यानें संगणकास तीन आज्ञा लिहून दिल्या: मुंबईच्या फलकाचा क्रमांक फिरव, पलीकडून मोडेमचा स्वर न आल्यास पुन्हां फिरव, जोडणी होतांच नांव व परवलीचा शब्द दे. रात्रीं एस्. टी. डी.चा दर स्वस्त, म्हणून पहाटे चालू होईल असें यंत्र लावून आम्ही निजलों.

चारच्या सुमारास मोडेमच्या कर्ण्यांतून एका वृद्धेचा कांपरा आवाज आला, "कोण बोलतंय? सगळे बरे आहेत ना?"

मुंबईचा ०२२ हा संकेतांक आज्ञेंत घालावयाचा राहिला होता; घंटा लातुरांतच कोणाच्या घरीं वाजत होती. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजीं याच प्रहरीं झालेला. त्या माउलीच्या उरांत काय झालें असेल!

सकाळीं घर शोधून आम्ही दोघे क्षमा मागावयास गेलों. बाईंनीं चहा दिला. पुतण्यानें चौथी आज्ञा जोडली: तिसऱ्या खेपेस थांब.

यंत्राचें पाठांतर चुकलें नव्हतें. थांबावें केव्हां, हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. आम्हीं तरी किती मुलांस तें शिकविलें?