क्लेओ, आई आणि दिवाणखान्यातील तसबीर

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बर्लिनमधील आमच्या एका स्नेह्यांकडे बुद्धवंदना होती. वंदनेनंतर भोजन झाले आणि भोजनानंतर नेहमीप्रमाणे चर्चा सुरू झाली. एरवी ही चर्चा व्हिसा, मुलांचे मराठी आणि भारतातील निवडणुका यांच्याभोवती फिरते. त्या दिवशी मात्र ती एका जर्मन मालिकेवर येऊन थांबली आणि अंधार पडला तरी मिटली नाही. ती मालिका म्हणजे ‘क्लेओ’.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेटफ्लिक्सवर तिचे पहिले पर्व ऑगस्ट २०२२ मध्ये आले, दुसरे २०२४ मध्ये. येला हाझे या अभिनेत्रीने साकारलेली क्लेओ श्ट्राउब ही पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्तचर यंत्रणेसाठी खून करणारी तरुणी. १९८७ मध्ये ती पश्चिम बर्लिनमध्ये एक कामगिरी फत्ते करते आणि थोड्याच दिवसांत देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात जाते. जिवलग माणसे तिच्याविरुद्ध उभी राहतात. तुरुंगात तिचा गर्भही जातो. भिंत कोसळल्यावर ती सुटते आणि आपल्याला कोणी व का फसवले, याचा शोध घेत एकेकाचा सूड उगवते. हे सारे भडक रंगांत आणि विनोदाच्या अंगाने सांगितले आहे. स्टीफन किंगसारख्या लेखकाने तिची जाहीर प्रशंसा केली. दुसरीकडे, एका क्रूर राजवटीचे हे चित्रमय पुस्तक करून टाकले, असेही पुष्कळांना वाटले.

आमच्यातही असेच दोन तट पडले. वंदनेचे संचालन करणारे दादा म्हणाले, “पंचशील म्हणून उठलो आणि आता खुनांचे कौतुक करायचे का? अंगुलिमालाला तथागतांनी शस्त्राने नव्हे, शब्दांनी थांबवले.” त्यावर एक ताई उसळून म्हणाल्या, “पुरुष गुप्तहेर पन्नास वर्षे पडद्यावर माणसे मारतो आहे, तेव्हा कोणाला पंचशील आठवले नाही. बाई रागावली की लगेच उपदेश!” येथेच जन्मलेल्या एका मुलीला मालिकेतील कपडे आणि गाणी आवडली होती. एका काकांना ती निव्वळ पोरकट वाटली. हिंदी ‘राझी’ या चित्रपटातील नायिकेशीही तुलना झाली: ती देशासाठी सारे गमावते आणि खचते, क्लेओ देशाने सारे हिरावल्यावर पेटून उठते.

मी त्या दिवशी फारसे बोलले नाही. मालिका पाहताना माझ्या मनात जे आले होते, ते चारचौघांत सांगण्याचा धीर नव्हता. म्हणून आज लिहिते आहे.

माझ्या कार्यालयात पूर्व जर्मनीत वाढलेल्या एक ज्येष्ठ सहकारी आहेत. मालिकेविषयी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “दोन भाग पाहिले आणि बंद केली. माझ्या वडिलांविषयी माहिती पुरवणारा माणूस दर नाताळला आमच्या घरी केक घेऊन येत असे. मला त्यात हसण्यासारखे काही सापडत नाही.” या वाक्याने मी अस्वस्थ झाले. पुढच्याच आठवड्यात, तेव्हा भारतातून आलेल्या आईला घेऊन मी लिश्टेनबर्गमधील श्टाझीच्या मुख्यालयात गेले. आता तेथे संग्रहालय आहे. यंत्रणेचा अखेरचा प्रदीर्घ प्रमुख एरिख मील्के याची कचेरी तेथे जशीच्या तशी जपली आहे.

जेमतेम १ कोटी ६० लाखांच्या त्या देशात १९८९ मध्ये श्टाझीचे सुमारे ९१ हजार पगारी नोकर होते आणि सुमारे १ लाख ८९ हजार अनौपचारिक खबरे. शेजारी, सहकारी, मित्र, क्वचित नवरा किंवा बायकोही. त्यांनी लिहिलेल्या कागदांची रांग १११ किलोमीटर भरते. संशयितांच्या शरीराचा गंध कापडावर टिपून, तो बरण्यांत बंद करून ठेवला जाई, कुत्र्यांना माग काढता यावा म्हणून. आई त्या बरण्यांसमोर बराच वेळ उभी राहिली. मी तिला आकडे मराठीत सांगत होते. सारे ऐकून ती तिच्या वऱ्हाडी बोलीत म्हणाली, “एवढे पगार कायले देल्ले यायनं? आपल्या गावात तं सारं फुकटातच समजे.”

मी हसले, पण नंतर दिवसभर ते वाक्य माझ्याबरोबर राहिले. खरेच आहे. कोण कोणत्या विहिरीवर गेले, कोणाच्या मुलीने नवी चप्पल घातली, कोण कोणाच्या घरी पाणी प्याले, याची नोंद ठेवायला जातीला कधी मंत्रालय लागले नाही. तेथे प्रत्येक जण अनौपचारिक खबऱ्या असतो आणि आपण खबऱ्या आहोत हे त्याच्या गावीही नसते.

आता माझी गोष्ट. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी मी पुण्यात खोली शोधत होते. घरमालकीणबाईंनी आडनाव विचारले. माझे आडनाव गावावरून आलेले, ऐकून काही उमगत नाही. बाईंनी स्वतःच एक अंदाज केला आणि प्रसन्न झाल्या. मी गप्प राहिले. ते मौन दोन वर्षे टिकले. १४ एप्रिलला पांढरी साडी पिशवीत घालून बाहेर पडायचे, मैत्रिणीच्या वसतिगृहात ती नेसायची आणि परत येताना पुन्हा पिशवीत. हेरगिरीच्या जर्मन परिभाषेत हेराच्या बनावट ओळखीला ‘लेगेंडे’ म्हणतात, म्हणजे दंतकथा. क्लेओला अशी ओळख प्रशिक्षण देऊन शिकवतात. मला ती कोणी शिकवली नव्हती, आणि तरी मी ती चोख निभावली.

हे सारे मागे टाकून आपण जर्मनीत आलो, असे मी समजत होते. येथे पदव्युत्तर पदवी मिळवली, नोकरी मिळाली, घर झाले. दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर लावली. बॉन विद्यापीठात १९२१ साली नाव नोंदवणाऱ्या बाबासाहेबांची तसबीर जर्मनीतील आपल्या घरात असावी, याचा मला केवढा अभिमान! आणि तरीही, गेल्या दिवाळीच्या सुमारास काही भारतीय सहकारी प्रथमच घरी यायचे होते, तेव्हा मी ती तसबीर उतरवून झोपण्याच्या खोलीत नेली. मला कोणी तसे सांगितले नव्हते. ते सहकारी कसे आहेत, हेही मला ठाऊक नव्हते. पाहुणे गेल्यावर आईने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिले आणि काही न बोलता भांडी आवरू लागली. एखादा शब्द बोलली असती तर बरे वाटले असते.

म्हणून क्लेओचा सूड पाहताना मला दादांप्रमाणे संताप आला नाही आणि ताईंप्रमाणे आनंदही झाला नाही. मला तिचा एक हट्ट तेवढा जवळचा वाटला: माझ्याविषयी कोणी काय लिहिले, ते मला कळलेच पाहिजे. मात्र या हट्टाची खरी गोष्ट मालिकेबाहेर घडली आहे आणि तीही स्त्रियांच्याच हातून.

४ डिसेंबर १९८९ रोजी सकाळी एर्फुर्ट शहरात, श्टाझी आपली कागदपत्रे जाळते आहे अशी बातमी पसरली. तेथील काही स्त्रिया एकत्र आल्या, त्यांनी लोकांना गोळा केले आणि श्टाझीच्या जिल्हा कार्यालयात त्या शिरल्या. देशातील अशा कार्यालयाचा लोकांनी घेतलेला तो पहिला ताबा. कागद वाचले, खोल्यांना मोहोरा लागल्या. बर्लिनचे मुख्यालय लोकांनी १५ जानेवारी १९९० रोजी गाठले. एर्फुर्टच्या त्या स्त्रियांपैकी एक, कलावंत गाब्रिएले श्टोट्सर. गीतकार वोल्फ बिअरमान यांचे नागरिकत्व काढून घेतल्याचा निषेध केला म्हणून त्यांनी होहेनेक या कुप्रसिद्ध स्त्री-तुरुंगात शिक्षा भोगली होती. त्यांच्या मनात सूड आला असता तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी बंदूक उचलली नाही, कागद वाचवले. पुढे १९९१ च्या अखेरीस कायदा झाला आणि आपली फाइल वाचण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला. आजवर तीस लाखांहून अधिक अर्ज लोकांनी त्यासाठी केले.

मला येथे बाबासाहेबांचा मार्ग दिसतो. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली ती उघडपणे, सर्वांसमक्ष. श्टाझीने आपले कागद जाळले ते लपूनछपून. अन्यायाला उजेड सोसत नाही आणि न्यायाची मागणी उजेडातच करावी लागते. स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजणाऱ्या बाबासाहेबांनी स्त्रियांच्या रागाला कधी गप्प केले नाही, त्यांनी त्याला सभा, ठराव आणि कायदा यांची वाट दिली. तेव्हा ताईंचा राग खरा आहे आणि दादांचा धम्मही. मालिकेचा दोष एवढाच की, तिच्या झगमगाटात माझ्या सहकारी बाईंच्या वडिलांसारखी माणसे कोठेच दिसत नाहीत.

संग्रहालयातून आलो त्या संध्याकाळी मी तसबीर पुन्हा त्याच खिळ्यावर लावली. आईने पदराने काच पुसली. वसंतात तेच सहकारी पुन्हा आले. एकाने तसबिरीकडे पाहून महूविषयी विचारले, कारण तो त्याच भागातला. दुसरा थोडा अबोल झाला आणि लवकर निघाला. त्याचे कारण काहीही असू शकेल. पूर्वी मी त्या कारणाचा विचार करत रात्र काढली असती. त्या रात्री मी झोपले.

येत्या उन्हाळ्यात आपल्या काही कुटुंबांनी मुलांना घेऊन एर्फुर्टला जावे, असा माझा प्रस्ताव आहे. तेथे आंद्रेआसश्ट्रासेवरील जुन्या श्टाझी तुरुंगात आता स्मृतिस्थळ आहे. दादा आणि ताई दोघेही यायला तयार आहेत. ‘क्लेओ’विषयी त्यांचे अजूनही एकमत झालेले नाही, त्यामुळे प्रवास कंटाळवाणा होणार नाही.

जय भीम!