टॉवेलचे वजन : सोलापूरची एक फेरी

मुंबईहून रात्री निघालेली सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सोलापूरला पोहोचते. प्रथम आपण तलावाकडे वळावे. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या सिद्धेश्वराच्या मंदिरात सकाळची शांतता काही औरच असते. दर्शन झाले की शहराच्या पूर्व भागात जावे. तेथे मराठीच्या जोडीने तेलुगू कानी पडू लागते आणि गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खडखड ऐकू येते. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांचा हा परिसर. सोलापुरी चादरीप्रमाणेच येथील टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन लाभले आहे.

मी तेथे गेले ती आईसाठी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने रोजचे स्नान हळूहळू टाळायला सुरुवात केली होती. विचारले तर म्हणे, "थंडी वाजते." मला वाटले, गुबगुबीत, उबदार टॉवेल दिला की प्रश्न सुटेल. एका कारखान्यात मी सर्वांत जाड टॉवेल उचलला. तेथल्या वृद्ध विणकरांनी विचारले, "कोणासाठी घेता, ताई?" मी सांगताच ते अंगणातल्या नळाकडे गेले, वापरातला तसाच एक टॉवेल बादलीत बुडवला आणि माझ्या हातात दिला. "पिळून बघा." माझीच मनगटे भरून आली. आईच्या संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांचे काय होत असेल, हे तेव्हा ध्यानात आले. आदल्या वर्षी मीच तिला असा टॉवेल दिला होता. तिला तो पिळवत नव्हता, पावसाळ्यात तो वाळत नव्हता, आणि रोज कोणाला सांगायचे याचा तिला संकोच होता.

आपणही मागाजवळ क्षणभर उभे राहा. या विणीत उभ्या धाग्यांचे दोन ताणे असतात, एक ताठ आणि एक सैल. साधारण तीन आडवे धागे भरले की फणीचा ठोका बसतो आणि सैल ताण्याचे सूत लहान लहान फासांसारखे वर येते. हे फासच पाणी टिपतात. तुर्कस्तानातील बुर्सा शहर अशा विणीसाठी प्रसिद्ध होते. म्हणून आपल्याकडे याला टर्किश टॉवेल म्हणतात.

टॉवेलचा जाडपणा 'जीएसएम'मध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधील वजनात मोजतात. ७० बाय १४० सेंटिमीटरचा ६०० जीएसएमचा टॉवेल कोरडा असतानाच सुमारे ५९० ग्रॅम भरतो. तोच ३५० जीएसएमचा असेल तर सुमारे ३४० ग्रॅम. चिंब भिजल्यावर दोन्हींचे वजन दुपटीहून अधिक होते. म्हणून स्वतः टॉवेल धुणाऱ्या, पिळणाऱ्या वृद्धांसाठी ३०० ते ४०० जीएसएमचा, शुद्ध सुती आणि आटोपशीर आकाराचा टॉवेल घ्यावा. उजेडासमोर धरून पाहावा. फासांच्या मुळाशी विरळ जाळी दिसू नये. काठ दुमडून पक्के शिवलेले असावेत. गुबगुबीत टॉवेलची आवड असेल तर धुण्या-वाळवण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी अंगावर घ्यावे.

नवा टॉवेल वापरण्यापूर्वी एक-दोनदा धुवावा. त्यातील खळ आणि मऊपणासाठी लावलेली द्रव्ये निघून गेल्यावरच तो नीट पाणी टिपतो. साबण बेताचा घालून भरपूर पाण्यात खळबळावा. कपडे मऊ करणारी द्रावणे टाळावीत, कारण त्यांचा थर सुतावर बसतो आणि पाणी शोषले जात नाही. वाळत घालण्यापूर्वी जोराने झटकावा, म्हणजे फास मोकळे होतात. एखादा धागा बाहेर आला तर ओढू नये, कात्रीने कापावा. ओला टॉवेल घडी करून ठेवू नये. प्रत्येक वापरानंतर पसरून वाळवावा आणि तीन-चार वापरांनंतर धुवावा. घरात कोणाला गजकर्ण किंवा तत्सम त्वचारोग असेल, तर त्या व्यक्तीचा टॉवेल वेगळा ठेवून रोज गरम पाण्यात धुवावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वयोमानाने त्वचा पातळ होते, तेव्हा अंग खसाखसा घासू नये. टॉवेल हलकेच दाबून पाणी टिपावे. काखा, स्तनांखालील घडी, जांघा आणि पायांच्या बोटांमधील जागा कोरड्या कराव्यात. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांकडे तर विशेष लक्ष द्यावे. त्वचा किंचित ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावे. तळव्यांना मात्र स्नानगृहाबाहेर बसवून लावावे. अंथरुणात अंग पुसताना एक टॉवेल पांघरूण म्हणून ठेवावा आणि ज्या भागाची स्वच्छता चालू असेल तेवढाच उघडा करावा. लाज वयाबरोबर ओसरत नाही. टॉवेल अडकवण्याच्या दांडीचा आधार घेऊ देऊ नये; आधारासाठी भिंतीत पक्की बसवलेली वेगळी मूठ असावी.

सोलापूरहून मी दोन हलके टॉवेल आणले. आज आई एक वापरते, दुसरा दोरीवर वाळत असतो. तो ती स्वतः पिळते आणि स्वतः झटकते. थंडीची तक्रार पुन्हा ऐकू आली नाही.

आपल्या घरी कोणी स्नानाचा कंटाळा करू लागले, तर बोल लावण्यापूर्वी त्यांचा ओला टॉवेल एकदा आपण पिळून पाहा.