श्वास चालू आहे

गणपतीच्या मंडपाला पताका बांधणं चाललं होतं. सुतळी कापायचा मान दरवर्षी तळमजल्यावरच्या काकांचा. मी खाली बसून रांगोळीचे ठिपके काढत होते. धप्पकन आवाज आला. वाटलं, स्टूल कलंडलं.

मग आम्ही जे जे केलं, ते सगळं जिव्हाळ्यानेच केलं. कोणी ‘फिट आली’ म्हणत कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी तळपाय चोळले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजू लागले, ते ओठांच्या कडेने ओघळून माझ्या साडीवर आलं. तेवढ्यात त्यांनी आ वासून घोरल्यासारखा एक मोठा श्वास घेतला. “श्वास चालू आहे!” मी ओरडले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काही वेळाने तसाच आणखी एक. आम्ही पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो. आधी मुलाला फोन झाला, १०८ला त्यानंतर.

गाडी आली तेव्हा उशीर झाला होता.

पुढे वाचनालयाच्या हॉलमध्ये सीपीआरचं शिबिर होतं, तिथे गेले. शिकवणारे डॉक्टर सहज बोलावं तसं म्हणाले, “हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके देतो. लोक त्यालाच श्वास समजतात आणि थांबतात. हाक मारून, खांदे हलवून माणूस ओ देत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर थांबायचं नाही.” त्यापुढचं थोडा वेळ मला ऐकूच आलं नाही. छाती दाबायला कोणी नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे मात्र ऐकलं. मनात वजाबाकी सुरू केली आणि सोडून दिली.

माझी पाळी आली. पदर खोचून बाहुलीशेजारी गुडघे टेकले. नॉर्वेच्या एका खेळणीवाल्याने १९६०मध्ये अशी पहिली बाहुली केली, आणि तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत बुडालेल्या कोण्या अनोळखी मुलीचा, असं सांगतात. डोळे मिटलेले, ओठांवर किंचित हसू. तिच्या छातीच्या मधोमध तळहात ठेवला, त्यावर दुसरा. दाबलं. “कणीक मळताय का?” डॉक्टर म्हणाले. कोपरं ताठ हवीत, खांद्यांचा भार हवा. छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे आणि दर वेळी पुरती वर आली पाहिजे. मिनिटाला १०० ते १२०. सिनेमातले नायक करतात ते नुसतं थोपटणं. नीट दाबलं की बाहुलीतून ‘टक’ असा आवाज येतो. दोन मिनिटांत माझ्या कपाळावरचा घाम तिच्या गालावर टपटपायला लागला. म्हणूनच दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. बरगडी मोडली तर? एकाने विचारलंच. मोडली तर जोडता येते, म्हणाले. आणि मोठं माणूस असं अचानक कोसळलं, तर तोंडाने श्वास देता आला नाही तरी नुसतं दाबत राहायचं, फोन स्पीकरवर ठेवून. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना मात्र श्वासही हवा.

आम्ही दाबलं असतं, तर काका वाचलेच असते असं नाही. हे मला कळतं. रात्री कळत नाही.

घरी आले तर काकू जिन्यातच भेटल्या. “काय गं शिकवलं?” त्यांना सगळं सांगितलं, आचक्यांचं तेवढं गिळलं. त्यांनी आतून लोड आणून जमिनीवर टाकला. “दाखव मला.” गुडघे दुखतात, तरी बसल्या. त्यांचे हात मी मधोमध ठेवले. वीसेक वेळा दाबल्यावर त्या थांबल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, “आणि श्वास चालू असला तर गं?”

लोडाला पडलेला खळगा हळूहळू भरून येत होता.

“मोजा काकू,” मी म्हटलं. “एकवीस.”