आबांचा उजवा कान

मागच्या सेमला मी एक वायरवाला हेडफोन वायरलेस केला. "त्यात काय एवढं, हजारभरात नवा मिळतो की!" हे वाक्य मला रूमपार्टनरपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. त्यामुळे तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.

हेडफोन माझाच जुना. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. मी हॉस्टेलला आलो आणि तो गावाकडं आबांकडं गेला. गाव माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. तेरणा नदीवरच्या निम्न तेरणा धरणामुळं नाव ऐकलं असेल. नसेल तर आता ऐका. आबा म्हणजे माझे आजोबा. रोज पहाटे गोठ्यात शेण काढताना कानाला हेडफोन, बंडीच्या खिशात फोन आणि फोनवर कीर्तन. एकदा वायर म्हशीच्या शिंगात अडकली आणि फोन हौदात. वाळवून, तांदळात ठेवून वाचवला. महिनाभरानं परत तेच. तेव्हा आबा फोनवर म्हणाले, "तू विंजेनेर व्हायलास न्हवं? मग ही वायर काढून दे की!"

आता आली का पंचाईत! ई अँड टीसीला आहे म्हणल्यावर नाही कसं म्हणणार?

मी ब्लूटूथचा एक बोर्ड, पाम ८४०३ नावाचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, ३०० एमएएचचा लिथियम सेल आणि टीपी ४०५६ चार्जिंग बोर्ड मागवला. हेडफोनची वायर कापली. आत केसासारख्या तारा निघाल्या, लाल, हिरव्या आणि तांबूस, वर इनॅमलचा थर आणि मध्ये दोरा. डाग बसेचना. तासभर सोल्डरिंग गनला शिव्या घातल्या. मग लॅबमधल्या मामांनी लायटरनं टोक जाळलं, पुसलं, आणि डाग एका सेकंदात बसला. (हे कुठल्याही प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नाही.)

पुढची चूक मात्र शंभर टक्के माझी. हेडफोनच्या पिनेत डाव्या-उजव्याचं ग्राउंड एकच असतं, म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायरचे दोन्ही 'मायनस' एकत्र जोडून टाकले. स्विच ऑन केला. आवाज नाही, फक्त वास. आयसीवर बोट ठेवलं ते फुंकर मारतच काढलं. सर आले, बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तो मायनस म्हणजे ग्राउंड हे तुला कुणी सांगितलं?" ब्रिज आउटपुट! स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल, ग्राउंडला कुणीच नाही. परीक्षेत यावर पाच मार्कांचं लिहून आलो होतो, पण आयसी जळाल्यावर जे समजलं ते पेपर लिहिताना समजलं नव्हतं.

मग थेट हेडफोन आउटपुट असलेला बोर्ड आणला. सरांनी अजून एक गोष्ट पकडली. टीपी ४०५६चा बोर्ड येतो तो १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून, म्हणजे चार्जिंग करंट एक अ‍ॅम्पियर. माझ्या ३०० एमएएचच्या सेलला ते म्हणजे तापायचं आमंत्रण, आणि तेही आबांच्या कानापाशी. १२०० भागिले किलोओहम बरोबर मिलिअ‍ॅम्पियर, असा साधा हिशोब. पाच किलोओहम लावला, करंट २५०च्या आसपास आला.

दिवाळीच्या सुट्टीत एस.टी.तून तो हेडफोन मी मांडीवर घेऊन गेलो. आबांना ब्लूटूथ म्हणजे निळा दात, डेन्मार्कच्या एका जुन्या राजाच्या टोपणनावावरून, असं सगळं सांगितलं. "मिशरीनं काळे झालेले दात बघितले, निळा ह्योच," म्हणाले आणि हेडफोन लावून गोठ्यात गेले. पाच मिनिटांनी बघतो तर उजवा कप कानावरून वर सरकवलेला. नीट बसवून दिला. परत वर. मला वाटलं स्पीकर गेला. मल्टिमीटर लावला, ३२ ओहम, एकदम ओके.

"आबा, ह्या कानाला येत नाही का?"

"येतंय की."

"मग?"

"एक कान उघडा लागतोय."

आजी आतून म्हणाली, "त्र्याण्णवपासून असंच हाय. झोपत्यात बी डाव्या कुशीवर."

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. आबा त्या रात्री शेतात, आखाड्यावर झोपलेले. त्यांना आधी जमिनीतून गडगड ऐकू आली, कुत्रं उठलं, आणि मग सगळं हललं. त्यांची धाकटी बहीण सास्तूरला दिली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. त्या घरातून कुणीच बाहेर आलं नाही. दहा हजारांच्या घरात माणसं गेली असं आपण वाचतो, पण आमच्या घरात त्यातलं एकच नाव घेतात, आणि तेही दिवाळीला, भाऊबीजेच्या दिवशी. १९९२ला किल्लारीकडं धक्के बसले होते, जमिनीतून आवाज येत होते. आबांचं म्हणणं एवढंच की तेव्हा कुणी कान दिला नाही.

मला सेस्मॉलॉजी येत नाही, पण एवढं माहीत आहे की पहिली लहर आणि जोराची दुसरी लहर यांच्यात दर आठ किलोमीटरला साधारण एक सेकंद मिळतो. आमच्याकडं दोन-अडीच सेकंद मिळतील. ऐंशीच्या माणसाला खाटेवरून पायसुद्धा खाली टाकता येणार नाही. हे गणित मी आबांना सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. नाही सांगितलं.

त्या रात्री उजव्या कपातला स्पीकर काढला. गादी काढली. मोकळ्या जागेत सेल आणि बोर्ड बसवले, जे आधी पट्टीला टेपनं चिकटवलेले होते आणि भयाण दिसत होते. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ केलं, नाहीतर उजव्या बाजूचा आवाज गायब झाला असता. आता उजवा कप कानाच्या वर, डोक्याला टेकून बसतो. डाव्या कानात कीर्तन.

एक तक्रार राहिली. व्हिडिओत टाळ आधी दिसतो आणि नंतर वाजतो. ब्लूटूथला आवाज पोहोचवायला उशीर होतो, माझ्या बोर्डात त्यावर इलाज नाही. आबांनी तो स्वतःच काढला, डोळे मिटून ऐकतात.

परवा त्यांचा फोन आला. लाल दिवा लागलाय, निळा कधी होणार? म्हणलं, "आबा, दीड तास. चार्जिंगला असताना डोक्याला लावू नका." पलीकडं म्हैस ओरडली. मला ऐकू यायच्या आधीच त्यांना आली असणार, कारण "थांब, आलो" म्हणून त्यांनी फोन तसाच चालू ठेवला आणि गेले.