घारीवरचा आळ

वैशाखात दुपारची जेवणे आटोपून घर निवांत झालेले असताना, एकवीस दिवस अंड्यांवर बसून नऊ पिले काढलेली आमची तांबडी कोंबडी एकाएकी लांब, बारीक, ताणलेला सूर काढी, आणि उकिरड्यावर पांगलेली पिले निमिषार्धात तिच्या पंखांखाली किंवा अबोलीच्या वाफ्यात नाहीशी होत, तेव्हा आजी हातातले काम टाकून मागील दारी धावे आणि आकाशाकडे पाहून घारीला शिव्याशाप देई. मुंगूस दिसले तर हीच कोंबडी तुटक कलकलाट करी. वरून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या संकटांचे इशारे तिच्या भाषेत निराळे आहेत, हे मी तिच्याकडूनच शिकलो.

एके दिवशी घार खरोखरच माडांच्या शेंड्यांवर, दुभंगलेल्या शेपटीचे सुकाणू वळवीत, संथ घिरट्या घालीत होती. आजीचे आणि माझे डोळे तिच्यावर खिळले असतानाच फणसाच्या गर्द पालवीतून पारव्याएवढा एक राखी पक्षी जमिनीलगत सपकन् आला, पिलू नखांत धरून क्षणभर गडग्यावर टेकला आणि पलीकडे दिसेनासा झाला. आखूड गोलसर पंख, आडव्या पट्ट्यांची लांब शेपटी, गळ्यावर एक उभी करडी रेघ आणि गुंजेसारखा लाल डोळा. तो शिक्रा होता. काजूखाली उपटलेल्या कोवळ्या पिसांचे लहानसे रिंगण तेवढे आम्हाला सापडले.

घार निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. उघड्या अंगणातले पिलू तीही उचलते. परंतु शिक्षेपूर्वी पंचनामा व्हावा. रात्री खुराड्यातून कोंबडी गेली असेल तर तो रानमांजराचा किंवा तत्सम चोराचा उद्योग असतो, कारण घार आणि शिक्रा दिवसाचे शिकारी. आणि फार तर पाव किलो वजनाचा शिक्रा दीड किलोची कोंबडी उचलून नेईल, हे शक्यच नाही. शेतावर एका जागी पंख फडफडवीत तरंगणारी पांढुरकी कापशी तर आपले उंदीर खाते, आणि पावशा बिचारा केवळ शिक्र्यासारखा दिसतो म्हणून दगड खातो.

छऱ्याच्या बंदुकीचा मार्ग 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केला आहे. कायदा नसता तरी तो मार्ग मला रुचला नसता, कारण ज्या दिवसांत आपल्या अंगणात पिले असतात त्याच दिवसांत शिक्र्याच्या घरट्यातही चोची उघडून पिले वाट पाहत असतात. आजीने पुढे केलेली तजवीज साधी होती: पिले थोराड होईपर्यंत, कोणी राखणीला नसेल तेव्हा, ती बांबूच्या डालग्याखाली ठेवायची, उकिरड्यावर रापणीचे जुने जाळे ताणायचे, आणि लपायला अबोली, अडुळसा दाट वाढू द्यायचा.

आणखी एक बंदोबस्त निसर्गानेच केलेला आहे. दुभंगल्या शेपटीचा तो काळा, चिमुकला कोतवाल आपल्या घरट्याच्या हद्दीत आलेल्या घारीच्या पाठीवर तुटून पडतो आणि तिला पिटाळून लावल्यावाचून परतत नाही. त्याच्या आश्रयाने इतर लहान पक्षीही त्याच झाडावर निर्धास्त घरटी बांधतात. तुमच्या परसाच्या कडेला त्याचे झाड असेल, तर ते तोडू नका.