चंदनात धरलेला वास

आजीच्या अत्तरांना ऋतू होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाळा किंवा मोगरा, दिवाळीच्या पहाटे हिना. वाळा थंड, हिना उष्ण, असं ती सांगायची आणि यात कधी अदलाबदल होऊ द्यायची नाही. आलेल्या बायकांच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे रात्री जेवतानासुद्धा माझ्या बोटांना मोगऱ्याचा वास यायचा.

नोकरी लागल्यावर मी स्प्रेकडे वळले. ओ द कोलोन, ओ द टॉयलेट, ओ द पार्फम ही नावं तेव्हा शिकले. फरक मुख्यतः सुगंधी अर्काच्या प्रमाणाचा: कोलोनमध्ये साधारण २ ते ४ टक्के, टॉयलेटमध्ये ५ ते १५, पार्फममध्ये १५ ते २०, आणि नुसतं पार्फम म्हणतात त्यात त्याहूनही जास्त. बाकी बहुतेक अल्कोहोल. ते उडताना वासाला सोबत घेऊन जातं. आधी लिंबू-संत्र्याचे हलके वास निघून जातात, मग फुलांचे, आणि लाकूड, राळ, कस्तुरी यांचे जड वास मागे रेंगाळतात. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. १९२१च्या ‘शनेल नंबर फाइव्ह’ला वेगळेपण आलं ते प्रयोगशाळेतल्या अल्डिहाइडांमुळे, आणि ते सुंदरच आहे. पण स्प्रेचा वास माझ्या आधी खोलीत शिरायचा. अत्तर अंगाशी राहतं, जवळ आलेल्या माणसालाच कळतं. मला तेच हवं होतं.

म्हणून कन्नौजला गेले. उत्तर प्रदेशातल्या या गावात अत्तर अजून देग-भपक्यावर निघतं. देग म्हणजे तांब्याचं मोठं भांडं. त्यात फुलं आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपून घट्ट बसवतात, खाली लाकूड-गोवऱ्यांचा जाळ. सुतळी गुंडाळलेल्या बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, वाफ पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वाफ निवते, फुलाचा गंध तेल धरून ठेवतं आणि पाणी खाली बसतं. ते पाणी काढून पुन्हा देगेत घालायचं आणि दुसऱ्या दिवशी ताजी फुलं. तेल गंधाने भरेपर्यंत हे दिवसच्या दिवस चालतं. भपका किती तापलाय हे कारागीर हात लावून ओळखतो, आणि जाळ वाढवायचा की ओढून घ्यायचा ते त्यावर ठरवतो.

तिथेच मिट्टी अत्तर पहिल्यांदा हुंगलं. भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालून पहिल्या पावसाचा वास चंदनात उतरवतात. १९६४ साली बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं, आणि आपल्या लेखात उत्तर प्रदेशातल्या या अत्तराचा उल्लेखही केला. नाव मिळण्याच्या आधीच तो वास इथे बाटलीत विकला जात होता.

माझी काळजी चंदनाची आहे. झाडं कमी झाली, तेल फार महाग झालं, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पातळ पॅराफिन आलं. पॅराफिनही वास धरतं, पण त्याचं स्वतःचं काहीच नसतं. चंदन फुलाच्या मागे उभं राहतं, आणि फुलाचा वास गेल्यावरही त्वचेवर उरतं. तेच काढलं तर देग तीच, फुलं तीच, मेहनत तीच, पण हाती येतं ते आजीच्या डबीतलं अत्तर नव्हे. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

तेव्हा अत्तर घ्यायला जाल, तर वास घेण्याआधी दुकानदाराला विचारा की हे कशात धरलंय. चंदनातलं असेल तर महाग पडेल. अगदी छोटी कुपी घ्या, पण तीच घ्या. गिऱ्हाईक विचारत राहिलं, तरच कन्नौजच्या भपक्यात चंदन पडत राहील.